दोन पिकअपच्या गिटारमधला व्हॉल्यूम : कोणती वायर कोणत्या पायाला

दोन पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा संकेत करणाऱ्या कॉइल) आणि दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर टॉगल, म्हणजे पिकअप निवडण्याचा स्विच, मधल्या जागी ठेवून एक व्हॉल्यूम शून्यावर आणला, की दुसरा पूर्ण उघडा असतानाही गिटार गप्प होते. नवी गिटार घेतलेल्या अनेकांना हा बिघाड वाटतो. ही त्या जोडणीची ठरलेली वागणूक आहे आणि १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने लेस पॉल ही गिटार बाजारात आणली तेव्हापासून त्या घराण्यातल्या बहुतेक गिटार अशाच वागत आल्या आहेत. ही वागणूक बदलता येते, आणि त्यासाठी प्रत्येक व्हॉल्यूमच्या दोन वायरी आपसांत बदलणे एवढेच काम असते. मात्र त्या अदलाबदलीने दुसऱ्या काही गोष्टी बिघडतात, त्यामुळे गिटार पुण्याच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवण्यापूर्वी किंवा स्वतः सोल्डरिंग आयर्न हातात घेण्यापूर्वी आत नेमके काय चालते हे समजून घेणे सोयीचे ठरेल.

पॉटचे तीन पाय

व्हॉल्यूमच्या नॉबखाली जो भाग असतो त्याला पोटेन्शिओमीटर किंवा बोलीत नुसते पॉट म्हणतात. त्याला तीन पाय असतात. बाहेरच्या दोन पायांच्या मध्ये कार्बनची एक पट्टी असते आणि तिचा रोध ठरलेला असतो; हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे, पिकअप असलेल्या गिटारमध्ये तो साधारणपणे ५०० किलोओहम आणि सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे, पिकअप असलेल्या गिटारमध्ये २५० किलोओहम ठेवण्याची रीत आहे. मधला पाय त्या पट्टीवर सरकणाऱ्या स्पर्शकाला जोडलेला असतो. नॉब दहावर असताना हा स्पर्शक पट्टीच्या एका टोकाला टेकतो, शून्यावर असताना दुसऱ्या टोकाला, आणि ते दुसरे टोक ग्राउंडला, म्हणजे पॉटच्या धातूच्या टोपणाला, सोल्डर केलेले असते.

टोपणावर छापलेले अक्षर महत्त्वाचे आहे. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर ‘ए’ असेल तर पट्टी लॉगरिदमिक, म्हणजे कानाच्या अंदाजाने चालणारी असते आणि ‘बी’ असेल तर सरळ प्रमाणात चालणारी. ‘ए’ पॉट अर्ध्यावर फिरवल्यावर ग्राउंडच्या बाजूला एकूण रोधाच्या साधारण दहा ते पंधरा टक्केच रोध आलेला असतो. सोलापूरच्या नवी पेठेतल्या साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पॉट मागितला, तर तो ‘बी’ निघण्याची शक्यता जास्त असते. म्हणून अक्षर वाचूनच पैसे द्यावेत. दांडा आणि त्याखालचे आटेही जुन्या पॉटशी ताडून पाहावेत. अमेरिकी पद्धतीच्या पॉटचे आटे पाऊण इंचाच्या निम्मे, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतात, तर आशियात बनलेल्या पुष्कळ गिटारमधली भोके त्याहून लहान असतात, आणि वॉर्निश केलेल्या लाकडात भोक मोठे करण्याचा प्रसंग शक्यतो टाळलेलाच बरा.

रूढ जोडणी

रूढ जोडणीत पिकअपची हॉट, म्हणजे संकेत वाहणारी, वायर पॉटच्या बाहेरच्या पायाला येते, मधल्या पायातून वायर टॉगलकडे जाते आणि तिसरा पाय ग्राउंड होतो. टॉगल एका बाजूला असताना एकाच पॉटचा मधला पाय जॅकपर्यंत, म्हणजे केबल लावायच्या भोकापर्यंत, पोचतो. टॉगल मध्ये आणला की दोन्ही पॉटचे मधले पाय एकमेकांना जोडले जातात, आणि सुरुवातीला सांगितलेल्या प्रकाराचे कारण इथेच आहे. एक नॉब शून्यावर नेला की त्याचा मधला पाय थेट ग्राउंडला टेकतो. दुसऱ्या पॉटचा मधला पाय त्यालाच जोडलेला असल्याने तोही ग्राउंड होतो आणि जॅकपर्यंत काहीच पोचत नाही. शेतातल्या दोन पाटांचे पाणी एका चारीत आणले आणि त्या चारीलाच भगदाड पाडले, तर पाणी कुठल्या पाटाचे होते याला अर्थ उरत नाही, तसेच हे आहे.

शून्याच्या अलीकडेही दोन्ही नॉब एकमेकांत लुडबूड करत असतात. समजा, नेक पिकअपचा, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या पिकअपचा, ५०० किलोओहमचा ‘ए’ पॉट पाचवर आहे आणि ब्रिजकडच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टेकूजवळच्या, पिकअपचा दहावर. नेकच्या पॉटमध्ये मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत आता सुमारे ६० किलोओहमच उरले आहेत. ब्रिज पिकअपलाही तेवढाच रोध समांतर दिसतो, आणि बाकीचे मार्ग हिशेबात घेतले तर त्याच्यावरचा एकूण भार पन्नास किलोओहमच्या जवळ येतो. ज्या पिकअपला पाचशेचा भार मिळावा असे गृहीत धरले आहे त्याला पन्नासचा मिळाला, तर त्याची धार, म्हणजे तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा उठाव, दबून जातो. आवाज फारसा कमी होत नाही पण मंद, गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मग नॉब एकच्या आकड्याखाली गेला की तो झपकन जातो.

यातला एक भाग वायरिंगच्या चर्चेत फारसा सांगितला जात नाही. दोन्ही पिकअप चालू असताना एक नॉब दहावरून नऊवर आणला, तर ‘ए’ पॉटमध्ये त्या पिकअपच्या वाटेत शंभर-दीडशे किलोओहम येऊन उभे राहतात. दुसरा पिकअप मात्र जेमतेम आठ किलोओहमच्या रोधातून, म्हणजे जवळजवळ मोकळ्या वाटेने येतो, त्यामुळे मिश्रणात त्याचे पारडे लगेच जड होते. कॉइलचा प्रतिरोध वारंवारितेबरोबर वाढत असल्याने वरच्या स्वरांत फरक थोडा सौम्य असतो, तरीही दोन पिकअपच्या मिश्रणाचा खरा पल्ला दहा ते सात या अंतरातच संपतो. दोन्ही जोडण्यांना हे सारखेच लागू आहे. म्हणून माझे मत असे आहे की ज्याला मधल्या जागी फक्त रंग बदलायचा आहे त्याने नॉब सातच्या खाली नेऊच नये, आणि एखादा पिकअप पूर्ण बंद करायचा असेल तर ते काम टॉगलला करू द्यावे. एवढी सवय लावून घेतली की दहापैकी सात-आठ जणांना वायरिंग बदलण्याची गरज उरणार नाही.

स्वतंत्र जोडणी आणि तिची किंमत

स्वतंत्र जोडणीत पिकअपची हॉट वायर मधल्या पायाला येते आणि टॉगलकडे जाणारी वायर बाहेरच्या पायाला. ग्राउंडचा पाय तसाच राहतो. फेंडरच्या तीन नॉबच्या जॅझ बासमध्ये टॉगलच नसतो, दोन्ही व्हॉल्यूम कायम एकत्र असतात, म्हणून तिथे हीच पद्धत वापरतात. आता नेकचा नॉब शून्यावर नेला, तर नेक पिकअप ग्राउंड होतो, पण टॉगलकडच्या वायरीपासून ग्राउंडपर्यंत पॉटचे पूर्ण ५०० किलोओहम मध्ये असतात. ब्रिज पिकअप वाजत राहतो आणि त्याच्या धारेलाही धक्का लागत नाही.

किंमत मोजावी लागते ती एकच पिकअप निवडलेला असताना. नॉब पाचवर आणला तर पिकअपवर ६० किलोओहमचा भार पडतो आणि त्याच्या पुढच्या वाटेत ४४० किलोओहम उभे राहतात. अँप्लिफायरच्या इनपुटचा रोध साधारण एक मेगाओहम असल्याने खालच्या स्वरांची पातळी मूळच्या साठ टक्क्यांच्या आसपास टिकून राहते, म्हणजे नॉब अर्ध्यावर आला तरी आवाज म्हणावा तसा कमी होत नाही. वरचे स्वर मात्र केबलमध्ये अडकतात. गिटारच्या केबलची धारिता मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर सहा मीटरच्या केबलचे सहाशे पिकोफॅरड होतात. या रोधाशी त्याची गाठ पडली की आठ-नऊशे हर्ट्झच्या वरचे सगळे उतरणीला लागते. रूढ जोडणीत पॉटकडून मिळणारा कमाल रोध एकूण रोधाच्या एक चतुर्थांश, म्हणजे १२५ किलोओहम असतो आणि त्याच केबलवर ही उतरण दोन-अडीच हजार हर्ट्झपाशी सुरू होते. दोन्हीकडे धार जाते, पण स्वतंत्र जोडणीत ती कितीतरी जास्त जाते.

दुसरी किंमत गुणगुणीची. रूढ जोडणीत नॉब शून्यावर असताना केबलचे टोक थेट ग्राउंडला टेकलेले असते, त्यामुळे शांतता पूर्ण असते. स्वतंत्र जोडणीत शून्यावरही केबल ५०० किलोओहमवर तरंगत राहते आणि आजूबाजूचे ५० हर्ट्झ ओढून घेते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या कारखान्याला लागून घर असेल किंवा गणेशोत्सवात मंडपातल्या रोषणाईच्या वायरी स्टेजच्या पाठीशीच गुंडाळलेल्या असतील, तर दोन गाण्यांच्या मध्ये ही गुणगुण स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू जाईल. एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवून टॉगल भराभर हलवत आवाज तोडण्याची जी करामत पुष्कळ जण करतात, तीही या जोडणीत तितकी स्वच्छ लागत नाही.

ज्यांचा हात वाजवता वाजवता मधल्या जागेवर दोन पिकअपचे प्रमाण सारखे बदलत असतो आणि एकेक पिकअप ते नेहमी पूर्ण उघडाच ठेवतात, त्यांच्यासाठी स्वतंत्र जोडणी योग्य आहे. निवेदक बोलायला लागला की आवाज एका बोटाने खाली घेणे, एवढीच ज्या ऑर्केस्ट्रावाल्याची गरज आहे, त्याने फेंडरच्या टेलिकास्टर गिटारसारखा एकच व्हॉल्यूम टॉगलच्या पुढे, म्हणजे टॉगल आणि जॅक यांच्या मध्ये ठेवण्याचा विचार करावा. त्यात दोन्ही पिकअप एकाच पॉटमधून जातात, एकमेकांवर भार टाकण्याचा प्रश्न येत नाही, आणि मिश्रण मात्र ठरलेले राहते. टेलिकास्टरच्या पूर्वजात, १९५० च्या ब्रॉडकास्टरमध्ये, दुसरा नॉब टोनचा नसून ब्रिजमध्ये नेकचा आवाज मिसळण्यासाठी होता. पुढे १९५२ मध्ये ती सोय काढून तिथे टोन आला. मिश्रणाच्या नॉबला वादकांकडून फारशी मागणी नसावी, असा याचा अर्थ मी लावतो.

गिटार न उघडता तपासणी

आपल्या गिटारमध्ये कोणती जोडणी आहे हे साध्या मल्टिमीटरने जॅकवरूनच कळते. गिटारला केबल लावावी, केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवावे, मीटर ओहमच्या २०० किलोच्या पट्ट्यावर घ्यावा, आकडा त्यात मावेनासा झाला की २ मेगाच्या पट्ट्यावर न्यावा, आणि एक टोक प्लगच्या टोकाला, दुसरे त्याच्या दांड्याला लावावे. टॉगल एका पिकअपवर आणि त्याचे व्हॉल्यूम दहावर असताना त्या पिकअपचा रोध दिसतो. हंबकरचा साधारण सात ते साडेआठ किलोओहम, टेलिकास्टरच्या पिकअपचा सहा-सातच्या आसपास. आता नॉब सावकाश खाली आणावा. आकडा वाढत जाऊन सव्वाशे किलोओहमच्या जवळ पोचला आणि मग घसरत शून्यावर आला, तर जोडणी रूढ आहे. आकडा वाढतच जाऊन नॉब शून्यावर असताना पाचशेच्या जवळ स्थिरावला, तर जोडणी स्वतंत्र आहे. रूढ जोडणीत दिसलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याची चौपट केली की पॉटची किंमतही कळते : सव्वाशे म्हणजे पाचशेचा पॉट, साठ-पासष्ट म्हणजे अडीचशेचा. पॉटवर आधीच समांतर रेझिस्टर लावलेला असेल तर हा हिशेब थोडा चुकेल, आणि आत बॅटरीवर चालणारे सर्किट असेल तर ही तपासणी लागू पडणार नाही.

त्यानंतर टॉगल मध्ये आणून दोन्ही व्हॉल्यूम दहावर ठेवावेत. सारख्या रोधाचे दोन पिकअप समांतर असल्याने आकडा निम्मा, म्हणजे चारच्या आसपास दिसला पाहिजे. तो एकाच पिकअपचा दिसत असेल, तर दोष टॉगलच्या पात्यात आहे आणि पॉटला हात लावण्याचे कारण नाही. आकडा बरोबर आहे, पण मधल्या जागी आवाज पिचका आणि नाकातला येतो, अशी तक्रार असेल तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट लागलेल्या असतात. तोही व्हॉल्यूमचा दोष नव्हे.

प्रत्यक्ष काम

गिटार टेबलावर पालथी ठेवायची असल्याने खाली सोलापुरी चादर चौघडी करून अंथरावी आणि नेकच्या डोक्याखाली टर्किश टॉवेलची गुंडाळी द्यावी, म्हणजे चाव्यांवर वजन येत नाही. गरम कथलाचा थेंब वॉर्निशवर पडला तर डाग कायमचा राहतो, म्हणून खाचेच्या कडेने जाड कागद लावून घ्यावा. झाकण काढल्यावर काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यावेत.

बारीक पायांसाठी २५ वॉटचे आयर्न पुरते, पण पॉटच्या टोपणावर ग्राउंडची वायर लावण्यासाठी ते अपुरे पडते. टोपण उष्णता ओढून घेते, कथील नुसते वर बसते आणि सांधा कच्चा राहतो. त्यासाठी ४० ते ६० वॉटचे आयर्न घ्यावे, टोपणावर पॉलिश पेपर फिरवून चकाकी उडवावी आणि आधी टोपणावर कथलाचा पातळ थर देऊन मग वायर टेकवावी. फ्लक्स राळेचाच वापरावा. पत्र्याच्या कामाचे आम्लयुक्त फ्लक्स वायरी खाऊन टाकते. पॉटच्या पायावर आयर्न तीन-चार सेकंदांहून अधिक टेकवू नये, कारण त्या उष्णतेने आतली पट्टी बिघडते.

ग्राउंडचा पाय कोणता हे चित्रावरून ठरवण्यापेक्षा मीटरने ठरवावे. नॉब शून्यावर नेऊन मधला पाय आणि बाहेरचा एकेक पाय यांच्यात रोध मोजावा. ज्या पायाशी आकडा शून्याजवळ येतो तो ग्राउंडचा. पॉट मागून पाहताना पाय आपल्याकडे असतील, तर उजव्या हाताच्या गिटारमध्ये तो उजवीकडे येतो. डावखुऱ्या गिटारमध्ये नॉब उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी होते, म्हणूनच मीटरवर भिस्त ठेवलेली बरी.

रूढ जोडणी स्वतंत्र करताना एका पॉटचे काम पूर्ण करूनच दुसऱ्याला हात लावावा. मधल्या पायावरची टॉगलकडे जाणारी वायर आणि बाहेरच्या पायावरची पिकअपची हॉट वायर दोन्ही सोडवून त्यांच्या जागा बदलाव्यात. टोनकडे जाणारी वायर किंवा कॅपॅसिटर पिकअपच्या वायरीसोबतच, म्हणजे आता मधल्या पायाला न्यावा, म्हणजे तो टोन आपल्याच पिकअपशी राहील. दोन्ही पॉटची जोडणी बदलावी लागते. एकाचीच बदलली तर दुसरा शून्यावर येताच गिटार पूर्वीसारखीच गप्प होईल. या जोडणीत ‘बी’ पॉट अनेकांना जास्त सरळ चालल्यासारखे वाटतात, तेव्हा नवे घ्यायचेच असतील तर इथे ‘बी’ घ्यायला हरकत नाही.

धार टिकवण्याचा उपाय

रूढ जोडणी ठेवून व्हॉल्यूम खाली घेताना जाणारी धार वाचवायची असेल, तर दोन मार्ग आहेत. सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे टोनची वायर पॉटच्या पिकअपकडच्या पायावरून काढून मधल्या पायावर आणणे. गिब्सनच्या १९५० च्या दशकातल्या गिटारमध्ये अशी जोडणी असे, म्हणून तिला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. यात व्हॉल्यूम सात-आठवर आणले तरी आवाज मोकळा राहतो. बदल्यात टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांशी जास्त गुंततात आणि टोन पूर्ण खाली असताना आवाजही थोडा उतरतो. दोन व्हॉल्यूम, दोन टोनच्या गिटारवर मी आधी हेच करून पाहण्याचा सल्ला देईन.

दुसरा मार्ग म्हणजे पिकअपकडचा पाय आणि मधला पाय यांच्यामध्ये छोटा कॅपॅसिटर लावणे, ज्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. ६८० ते १००० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर आणि त्याला समांतर १०० ते १५० किलोओहमचा रेझिस्टर ही नेहमीची जोडी आहे. दुकानात मागताना सिरॅमिक किंवा पॉलिएस्टर कॅपॅसिटरवर १००० पिकोफॅरडसाठी ‘१०२’ आणि ६८० साठी ‘६८१’ असे छापलेले असते, एवढे लक्षात ठेवावे. रेझिस्टर वगळला तर व्हॉल्यूम कमी करताना आवाज उलट पातळ आणि टोचरा होत जातो. हा उपाय स्वतंत्र जोडणीत तसाच उचलून लावू नये. तिथे धार जाण्याचे निम्मे कारण पिकअपवर पडलेला भार हे असते, आणि ते कॅपॅसिटरने दूर होत नाही.

झाकण लावण्यापूर्वी पुन्हा जॅकवरून मीटर लावून दोन्ही पिकअप, टॉगलच्या तिन्ही जागा आणि दोन्ही नॉबचा पूर्ण प्रवास पाहून घ्यावा. त्यानंतर अँप्लिफायर लावावा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागले आहेत. नॉब फिरवताना खरखर येत असेल, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यातली कोरडी धूळ पॉटमध्ये शिरलेली असते. पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब दोन्ही टोकांपर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावा, आणि तरीही खरखर राहिली तर पॉट बदलावा.